शेतक-यातली रेघ

वर्षाची हळद भरायला मी सांगलीच्या मार्केट यार्डात जाते. सौद्यांच्या दिवसांत तिथं उन्हालाही पिवळा रंग चढलेला असतो. हमालांच्या पापण्या, पोत्यांच्या शिवणी, चहाच्या गाड्यावरचे ग्लास, सगळ्यांवर तीच भुकटी. ओळखीच्या अडत्याच्या गाळ्यात हळकुंडं मोडून बघत बसले होते, तेवढ्यात समोरच्या भिंतीवरच्या नव्याकोऱ्या फ्लेक्सकडे लक्ष गेलं. वीतभर उंचीची अक्षरं : 'शेतक-यांनी मालाची पावती मागून घ्यावी.' शेतक, मग अर्ध्या र च्या जागी एक आडवी रेघ, मग यांनी. मी तिकडे इतका वेळ बघत राहिले की अडत्यानं विचारलं, "काय वहिनी, फ्लेक्स पडतोय का काय?" म्हटलं, "नाही हो, तुमचा शेतकरी मधोमध मोडलाय." त्यानं मान वळवून पाहिलं. त्याला काही वावगं दिसलं नाही. हसून म्हणाला, "त्यो कवाच मोडलाय, वहिनी. तुम्ही आज बघताय व्हय?"

हळद दळूनही आली, डब्यात गेली, रेघ मात्र डोक्यातून जाईना. एकदा ती दिसायला लागली की सगळीकडे दिसते. 'दुस-या दिवशी', 'कर्मचा-यांचा संप', 'अधिका-यांना निवेदन', 'वा-यासह पाऊस'. बातम्यांत, परिपत्रकांत, शाळेच्या सूचनांत, अगदी लग्नपत्रिकेतसुद्धा. चूक आहे याचा मला तेवढा राग येत नाही. ती कुणाला दिसतच नाही याचा येतो. वाचणारा तो खड्डा न बघता ओलांडतो आणि पुढे जातो. छापणाऱ्याला चार शिव्या देऊन मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही, कारण ही रेघ कुठून आली ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तिच्या बाळंतपणाला हजर होते.

खणभागातल्या एका छापखान्याच्या माडीवर मी डीटीपी करायचे. खाली ट्रेडल छपाईयंत्र आणि शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या केसी, वर आमचे संगणक, त्यांच्यावर विणलेले रुमाल, आणि चपला जिन्यातच काढायच्या हा मालकांचा दंडक. शाईचा नि रॉकेलचा वास जिन्यानं वर यायचा. त्या काळी मराठी टाइप करायचं म्हणजे संगणकाला गाफील ठेवून काम काढून घ्यायचं. त्याच्या लेखी आम्ही इंग्रजीच लिहीत होतो. जे दाबला की त्याच्या पोटात जे जायचा, पडद्यावर मात्र र उमटायचा, कारण फॉन्ट करणाऱ्यानं जेच्या घरात र चं चित्र काढून ठेवलेलं. के म्हणजे काना, ई म्हणजे म. राम लिहिला की संगणकानं साठवलं काय, तर जे, के, ई. जेमतेम अडीचशे घरं, त्यांत सगळी अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, रफार कोंबायचे. बाकी उरेल ते कोपऱ्यात. शेतकऱ्यातला तो अर्धा र असाच कोपऱ्यात पडलेला. ऑल्ट दाबून धरून आकडे मारले की यायचा. मी मारायचे. शेजारच्या टेबलावरचा मुलगा नाही मारायचा. तो सरळ हायफन ठोकायचा आणि वर म्हणायचा, "दिसतंय की ताई तसंच." आणि खरंच, ट्रेसिंगवर प्रिंट काढली की तसंच दिसायचं. प्रूफ तपासायला येणारे गुरुजीही फसायचे.

कागदाला तेवढं पुरतं.

खाली खिळे जुळवणारे आण्णा मूळचे मिरजेचे. दुपारच्या चहाला वर यायचे, आमच्या पडद्याकडे संशयानं बघायचे आणि ठरल्यासारखं एकच वाक्य टाकायचे, नागरी छपाईचा मान आमच्या मिरजेचा. आम्ही हसायचो. पुढे वाचलं तेव्हा कळलं, म्हातारा अगदीच वाऱ्यावर बोलत नव्हता. १८०५ साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. कोरणारा तांबट पुण्यात हे काम शिकून आलेला. श्लोकन् श्लोक उलटा कोरायचा, म्हणजे कागदावर सुलटा येतो. त्याच १८०५ मध्ये तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांनी छापून निघालं. मला हा योगायोग फार आवडतो. मिरजेच्या पत्र्यावर पानाचं चित्र आहे. ते पान सोडून दुसरं काही त्यातून छापता येत नाही. श्रीरामपूरचा क मात्र या पानातून काढून त्या पानात बसवता येतो. आम्ही माडीवर बसून संगणकावर करत होतो ते काम, सगळा दिमाख बाजूला ठेवला, तर मिरजेच्या तांबटाचंच. आम्ही चित्रं कोरत होतो. अक्षर आमच्या यंत्रात नव्हतंच.

हे सगळं आता उकरायचं कारण म्हणजे एक सीडी. आमच्या गावभागातल्या बायकांच्या भजनी मंडळानं बऱ्याच वर्षांपूर्वी एक स्मरणिका काढली होती. देणगीदारांच्या जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत वगैरे नेहमीचं, पण मधल्या पानांत तासगाव-पलूसकडच्या म्हाताऱ्यांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. सांगणाऱ्यांपैकी आता कुणी नाही. २०१९ च्या पुरात मंडळाच्या कपाटात पाणी शिरलं आणि उरल्यासुरल्या प्रती भिजल्या. पानं एकमेकांना चिकटली, कडा तपकिरी झाल्या, नाकाशी नेलं की अजून गाळाचा वास येतो. पण उन्हात वाळवल्यावर ती वाचता येतात. सीडी पोटमाळ्यावर कोरडी ठणठणीत होती. मंडळातल्या एका आजींचा नातू ती घेऊन आला. "काकू, हे करप्ट झालंय बघा. नुसता कचरा आहे." पडद्यावर रोमन अक्षरं, अर्धविराम, तिरक्या रेघा, टक्क्याच्या खुणा, सगळं एका ओळीत खेचाखेच भरलेलं. मी चष्मा लावला. एफ, डी, आर, एच. म्हटलं, "कचरा कुठाय? 'किती' लिहिलंय." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली. आण्णा उलटे खिळे वाचायचे तेव्हा आम्ही जसे बघायचो तसा तो बघत होता.

मला त्या क्षणी थोडी मिजास वाटली, हे लपवत नाही. नंतर मात्र कसंनुसं झालं. माझ्या जोडीच्या कितीजणी आता हे वाचू शकतील? आणि वाचायला यावं तरी का? महापुरातून वाचलेल्या ओव्या, त्यांना दुभाष्या लागावा?

नातवानं कुठूनतरी रूपांतर करणारा एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला. जुन्या फॉन्टची अक्षरं घालायची, युनिकोड बाहेर. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षराअक्षराला क्रमांक देणारं कोष्टक. ऐकायला सोपं वाटतं. खरी गंमत वेलांटीपासून सुरू झाली. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून टाइपरायटरपासून आम्ही ती आधीच मारत आलो. युनिकोडमध्ये ती बोलण्याच्या क्रमानं, अक्षराच्या मागून साठवतात. पडद्यावर तिला पुढे आणून उभी करायचं काम फॉन्टचं. प्रोग्राम हुशार, तो वेलांटी उचलून पुढच्या चिन्हामागे ठेवायचा. पण 'परिस्थिती'त पुढचं चिन्ह म्हणजे अर्धा स. झालं, वेलांटी स आणि थ यांच्या मध्येच अडकली आणि तिच्याशेजारी ते ठिपक्याठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येऊन बसलं. रफाराचं याच्या उलट. 'मूर्ती'तला रफार ती च्या डोक्यावर दिसतो, म्हणून आम्ही तो सगळ्यात शेवटी मारायचो. युनिकोडला तो त आणि दुसऱ्या वेलांटीच्या आधी हवा. प्रत्येक पानावर हे निस्तरत बसले. आणि मग एका ओवीत आलं, 'वा-यानं'. शेजारच्या टेबलावरच्या त्या मुलाचा हायफन. प्रोग्रामचा यात काही दोष नाही. त्याला हायफन दिसला, त्यानं इमानदारीत हायफन केला. तो र होता हे त्या मुलाला माहीत होतं, छापील पान वाचणाऱ्याला माहीत होतं, फाइलला कधीच सांगितलेलं नव्हतं. यार्डातल्या फ्लेक्सवरची रेघ अशाच कुठल्यातरी टेबलावरून निघालेली असणार. आता तर जुन्या फॉन्टचा गंधही नसलेली पोरं फोनवर 'शेतक-यांनी' लिहितात, कारण डोळ्यांना तेच वळण पडलंय.

बरं, अक्षरांची नीट सोय कुणी केलीच नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं कोष्टक १९८८ मध्ये होतंच, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ते प्रमाणित केलं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात आपल्या लिप्या आल्या त्या इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरूनच. म्हणजे आम्ही खणभागात ऑल्ट दाबून आकडे मारत होतो तेव्हा जगाच्या कोष्टकात ळ ला स्वतःचं घर मिळून वर्षं लोटली होती. बातमी माडीपर्यंत आली नव्हती, आणि आली असती तरी आमच्या संगणकांना नागरी जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. ती अक्कल विंडोज २००० बरोबर आली, सोबत सुलेखनकार र. कृ. जोशींनी आखलेला 'मंगल' फॉन्ट. पानं लावायची सॉफ्टवेअर तर त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या जुन्याच चालीनं चालत होती.

ते कोष्टक एकदा बघण्यासारखं आहे. सोळा-सोळा घरांच्या उभ्या रांगा, नागरीला अशा आठ. चौथ्या रांगेत वरून खाली वाचत या : र, ऱ, ल, ळ, ऴ, व. हिंदीत ळ लागत नाही, तरी तो आहे. त्याखालचा ऴ तर मराठीलाही लागत नाही, तो तमिळसाठी. इस्की करणाऱ्यांनी सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा दिला, जेणेकरून एका लिपीतून दुसरीत जाताना घर बदलू नये. कन्नडचं कोष्टक उघडा, चौथ्या रांगेत, वरून चौथ्या घरात त्यांचा ळ बसलेला आहे. आमच्या जत तालुक्यात एकाच कट्ट्यावर दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे मला हे शेजारपण कुणी मुद्दाम जमवून आणल्यासारखं वाटतं. त्याहून मजा त्या ऱ ची. तो ठेवला द्राविडी भाषांतला एक वेगळा र नागरीत लिहिता यावा म्हणून. त्याचं अर्धं रूप मराठीच्या उपयोगी पडलं आणि आमचा शेतकरी सांधला गेला. मराठी शेतकऱ्याची मोडलेली जागा दाक्षिणात्य अक्षरानं जोडली, हे यार्डात सांगितलं तर अडत्या पुन्हा हसेल.

युनिकोडमध्ये आल्यावर सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. नातवानं ओव्यांची यादी करून हिशेबाच्या तक्त्यात उघडली, आणि पुन्हा कचरा. या वेळी निराळा : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे चारी कोपऱ्यांना टोकं फुटलेलं एक बारकं वर्तुळ, मग काहीतरी भलतंच, पुन्हा तोच ए, पुन्हा तेच वर्तुळ. मध्येच वर्तुळाऐवजी जपानी येनची खूण. हे 'यूटीएफ-८'चं, म्हणजे युनिकोडचे क्रमांक फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीचं पिल्लू. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी ही पद्धत १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावर अंथरलेल्या कागदावर आखली. ती रोमन अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणीचा एक तुकडा देते, आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'सांगली'त चिन्हं सहा, बाइट अठरा. 'सातारा'तही सहा आणि अठराच, तेव्हा मोठं कोण हा वाद निदान इथं तरी मिटला. तक्त्याला कुणी सांगितलं नाही की हे तिहेरी वाचायचं आहे, म्हणून त्यानं तिन्ही सुटे छापले. बघता बघता लक्षात आलं, व्यंजनांना, कान्याला, पहिल्या वेलांटीला ते वर्तुळ येतं, आणि दुसऱ्या वेलांटीपासून पुढे उकार, मात्रा, हलन्त यांना येन. कोष्टकाची चौथी रांग तिथंच संपते ना! मी नातवाला हे दाखवायला गेले तर तो घाबरून म्हणाला, "काकू, तुम्ही हेपण वाचायला लागू नका." त्यानं फाइल उघडताना एक पर्याय बदलला आणि ओव्या जागेवर आल्या.

आणि ॲ. वकिलांच्या पाटीवर 'ॲड.' लिहायला लागणारा हा ॲ युनिकोडमध्ये आला २००८ साली, पाच पूर्णांक एक या आवृत्तीत. हिंदीच्या वळणाचा ऍ पहिल्यापासून होता. मराठीनं तोवर अ लिहून त्यावर वेगळा चंद्र ठेवून भागवलं. दिसायला दोन्ही एक. देणगीदारांच्या यादीत 'ॲड.' शोधलं की मात्र निम्मेच वकील हाती लागतात. अर्ध्या र चंही तेच : ऱ ला हलन्त देऊन लिहा, नाहीतर साध्या र ला हलन्त देऊन त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह ठेवा. कऱ्हाड दोन्हींकडून सारखंच दिसतं, शोधणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी गावं. एकदा दिलेला क्रमांक युनिकोडवाले परत घेत नाहीत, म्हणजे ही जोडगावं आता कायमची. याच्या बरोबर उलट कथा ल आणि श ची. राज्य शासनानं २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला, माझ्या फोनवर मात्र अजून हिंदी वळणाचा ल येतो. युनिकोड म्हणतं, आकार आमचा विषय नाही, ल तो ल. तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के पटतं, शेतकऱ्याच्या बाबतीत मी हेच तर म्हणते आहे : चित्र नको, अक्षर ठेवा. आणि तरी तो दांडी धरून उभा राहिलेला ल दिसला की पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखं होतं. चित्रं कोरण्यातच निम्मं आयुष्य गेलं, त्याचं हे असेल.

आजोळी सातारच्या बाजूला मोडी कागदांची एक पेटी होती. मामा ती दिवाळीत उघडायचा, वाचता कुणालाच यायची नाही, हळदकुंकू वाहून पुन्हा बंद. त्या मोडीला २०१४ साली युनिकोडनं जागा दिली. दीड लाखाहून जास्त चिन्हांच्या त्या पसाऱ्यात मोडीच्या अक्षरन् अक्षराला क्रमांक आहे, आणि आमच्या फ्लॉपीवरच्या फॉन्टना नाही, द्यायचं कारणही नाही. मोडी ही लिपी होती. आमचं ते जुगाड होतं. पण सांगली-साताऱ्यात, सगळ्या महाराष्ट्रात, त्या पंधरावीस वर्षांत संगणकावर जे जे छापलं गेलं, पतसंस्थांचे अहवाल, गावोगावच्या स्मरणिका, कविसंमेलनांच्या पुस्तिका, ते बरंचसं याच जुगाडात पडून आहे. मोडी वाचायचे वर्ग निघतात. आमच्या कचऱ्याचे कोण काढणार?

ओव्या आता जवळजवळ झाल्यात. हायफन एकेक करून मी काढले, 'सगळे बदला' दाबून नव्हे, कारण 'सासू-सुना'मधला हायफन खराच आहे. मध्ये नातू पलूसकडं जाऊन त्याच्या आजीच्या एका मैत्रिणीकडून नव्या काही ओव्या घेऊन आला. टाइप करायचा त्याला कंटाळा. म्हातारी सांगत होती आणि त्यानं फोन पुढे धरला होता, फोन ऐकून आपला लिहीत होता. अर्धा र फोननं कुठंही चुकवला नाही. बाकी मात्र 'व्हतं'चं 'होतं' केलं, 'माज्या'चं 'माझ्या' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं आणि ओवी गायला बसली की जीभ दर ओळीला ठेचकाळायला लागली. अक्षरं सगळी हजर, बाई गायब. सुदैवानं आवाजही जपून ठेवलेला होता. तो ऐकून मी सगळं हातानं पुन्हा लिहिलं, फोन सुधारायला धावत होता तेव्हा त्याच्या सूचना बंद करून टाकल्या. चिटणीसबाईंना ते रुचलेलं नाही. त्यांचं म्हणणं, यंत्रानं आयतं शुद्ध करून दिलं होतं, तुम्ही ते परत बिघडवलंत. शिवाय म्हातारी एका ओवीत 'न्हाई' म्हणते आणि लगेच पुढच्या ओळीत 'न्हाय', तर निदान त्यातलं एक काहीतरी ठरवा. मी दोन्ही ठेवलंय. मंगळवारच्या बैठकीत यावर वाजणार आहे, आणि मी तिथं गप्प बसायला जाणार नाही.